चार मिनिटांचा जबाब

धुळ्याला, देवपुरात राहणारा यादव बैसाणे जेवायला बसला की पहिला घास हातात धरून म्हणायचा, “हा योगराज शेठच्या नावाचा.” आणि मग तो घास असा चावायचा, की बघणाऱ्याला वाटावं दाताखाली भाकर नाही, शेठच आहे. नऊ वर्षं हा नेम चालला. एकदा लिलाबाईचा मामेभाऊ जेवायला होता. त्याला वाटलं, योगराज शेठ म्हणजे घरातलं कुणी वारलेलं मोठं माणूस असणार. बिचाऱ्यानं टोपी काढून हात जोडले. लिलाबाईनं कपाळावर हात मारला.

“नवरा मन्हा, भाकर मी करस, आन नाव लेस त्यानं!” ती म्हणायची. पण तिला कारण माहीत होतं, म्हणून ती तेवढ्यावरच थांबायची.

कारण असं, की यादवला वास येत नसे. वांग्याचं भरीत असो, शिळी कढी असो, त्याच्या जिभेला फक्त तिखट आणि मीठ कळायचं. बाकी सगळं भिजलेल्या कागदासारखं. आणि हाच माणूस एके काळी वासाचा उस्ताद होता. किती उस्ताद? फैजपूरजवळच्या एका लग्नात हा मांडवात बसलेला. एकदम उठून म्हणाला, “वरण खाली लागतंय.” आचारी तीन गल्ल्या पलीकडे! लोक हसले. पोरं पळत गेली, तर खरंच पातेल्याच्या बुडाला काळं धरायला लागलेलं. चारशे माणसांचं वरण वाचलं, आणि नवरदेवाच्या बापानं यादवला पहिल्या पंगतीत बसवून आग्रहानं दोनदा वाढलं.

या नाकावरच त्याची नोकरी होती. फैजपूरला योगराज शेठचं केळ्यांचं कोल्ड स्टोरेज होतं. केळी थंड ठेवायची तर अमोनिया गॅस लागतो, आणि तो पाइपांतून फिरतो तोवर गरीब गाईसारखा असतो. बाहेर आला की डोळे, घसा, छाती, काही सोडत नाही. म्हणून रोज सकाळी कंप्रेसरच्या खोलीत कुणीतरी फिरायचं असतं. बाकीचे लोक गंधकाची बत्ती घेऊन फिरत. सुतळी वितळलेल्या गंधकात बुडवून वाळवायची, पेटवायची आणि एकेका जोडाजवळून न्यायची. जिथं अमोनिया गळत असेल तिथं पांढरा धूर उठतो. यादवला बत्ती लागायची नाही. तो दारातच उभा राहून सांगायचा, “डावीकडचा तिसरा.” मग कौतिक बत्ती नेऊन बघायचा, आणि डावीकडच्या तिसऱ्यावर धूर.

कौतिक हा तिथला मशीनवाला, यादवपेक्षा सहा वर्षांनी लहान. ‘यादवदादा, यादवदादा’ करत मागे असायचा.

तर एका शुक्रवारी, केळीचा माल जोरात असताना, यादवला एका मोठ्या व्हॉल्व्हच्या दांड्याजवळ वास आला. तिथं आत दोरीसारखं पॅकिंग भरलेलं असतं. ते जळून गेलेलं. तो थेट शेठकडे गेला.

“शेठ, मशीन थांबवा. दोन तासांचं काम आहे.”

शेठ मोबाइलवर बोलत होते. त्यांनी एका हातानं मोबाइल झाकला. “बाहेर तीन गाड्या उभ्या आहेत, दिसत नाही? सोमवारी बघू.”

कौतिक शेजारीच उभा होता. त्यानं ऐकलं.

सोमवारी पहाटे पॅकिंग उडालं. कौतिक आत होता. यादव दारात होता, पळून गेला असता तर आज त्याला भरताची चव लागली असती. पण तो आत शिरला आणि कौतिकला कॉलरला धरून फरफटत बाहेर आणलं. कौतिकचे डोळे आठ दिवसांत बरे झाले. यादव बारा दिवस दवाखान्यात होता. घसा बरा झाला, आवाज थोडा घोगरा राहिला, आणि वास गेला तो गेलाच.

इथपर्यंत यादवच्या मनात शेठबद्दल राग होता, वैर नव्हतं. वैर पुढं झालं.

चौकशीला सरकारी साहेब आले. कोल्ड स्टोरेजच्या अंगणात खुर्ची टाकली, कामगार गोल उभे केले. शेठ म्हणाले, “साहेब, वास घेणं हे याचंच काम. पण याचं नाक कधीच गेलेलं. आम्हाला सांगितलं नाही. रोज लावून यायचा.”

यादवनं उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. तो म्हणाला, “साहेब, मी शुक्रवारी सांगितलं. कौतिकला विचारा.”

साहेबांनी कौतिककडे पाहिलं. कौतिक चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. “मला काही आठवत नाही,” तो म्हणाला.

मग साहेबांनी फिनेलची बाटली मागवली. झाकण काढून यादवच्या नाकाखाली धरली. “कसला वास येतो?”

आता कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, फिनेल. बाटलीवर लिहिलेलं होतं! पण यादव पडला सरळ. तो म्हणाला, “काही नाही येत, साहेब.”

“झालं तर,” शेठ म्हणाले.

आणि अंगणातले सगळे हसले. नाक गेलं होतं सोमवारी, शेठच्या सोमवारी. पण कागदावर ते आधीच गेलेलं ठरलं. ‘कामगाराची चूक.’ त्याच दिवशी घास पहिल्यांदा शेठच्या नावाचा झाला.

यादव बायको-मुलीला घेऊन धुळ्याला आला, देवपुरातल्या एका कॉलेजच्या गेटवर लागला. गेटवर नाक लागत नाही. मुलगी प्रज्ञा हुशार; त्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकली आणि पुढं संशोधनाला जळगावला गेली. एक दिवस सुट्टीत घरी येऊन जेवता जेवता म्हणाली, “बाबा, माझ्या सरांनी विषय दिला. हवेतला विषारी गॅस ओळखणारे सेन्सर.”

“कोणता गॅस?”

“अमोनिया.”

यादवचा घास हातातच राहिला. त्या रात्री त्यानं तिला झोपू दिलं नाही, असं लिलाबाई सांगते. बाजारात गॅस ओळखणारी यंत्रं काय नाहीत? आहेत. पण त्यातल्या बऱ्याच यंत्रांत आत एक बारीक शेगडी असते. ती तापून तीनशे अंशांवर गेल्याशिवाय त्यांना गॅस कळतच नाही. तिला वीज लागते, वीज गेली की यंत्र आंधळं. प्रज्ञाचं यंत्र साध्या हवेतच काम करणारं. काचेच्या पट्टीवर हिरवट लेप, त्यात जस्ताच्या राखेचे कण. कण इतके बारीक, की डोळ्यांना तर नाहीच, कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नयेत.

“इतके बारीक कशाला?” यादवनं विचारलं.

“बाबा, चुन्याचा खडा भिंतीवर घासला तर किती भिंत पांढरी होईल?”

“वीतभर.”

“आणि तोच भिजवून, गाळून घेतला तर?”

“अख्खी ओसरी.”

“तेच. खडा बारीक होत गेला की त्याचं अंग वाढतं. जितकं अंग जास्त, तितका गॅस त्याला जास्त शिवतो. गॅस शिवला की लेपातून जाणारी वीज अडायला लागते. ते अडणं मोजायचं. शेगडी नको, काही नको.”

यादवला पटलं. पण यंत्राला खानदेश पटेना! लेप जळगावच्या प्रयोगशाळेत, एसीत, पंचवीस अंशांवर शहाण्यासारखा वागायचा. मे महिन्यात धुळ्याला आणला, पत्र्याच्या माडीवर ठेवला, तर गॅस नसताना आकडा नाचायला लागला. माडीवर चव्वेचाळीस अंश. प्रज्ञा रडकुंडीला आली. “सगळ्या पुस्तकांत खोलीचं तापमान पंचवीसच लिहिलंय!”

“त्या लिहिणाऱ्यांच्या खोल्या वेगळ्या,” यादव म्हणाला. “आपली खोली ही शे.”

मग दोन उन्हाळे तिनं त्याच माडीवर काढले. कणांचं माप बदललं, लेप पातळ केला, ओल आणि ऊन वजा करायचं गणित बसवलं. यादव रजा काढून माडीवर बसायचा, दर पाव तासाला वहीत आकडा लिहायचा. एकदा आकडा शांत असताना शेजारचा योगेंद्र सहज वर आला आणि यंत्र किंचाळायलाच लागलं. योगेंद्र मागे सरकला, यंत्र गप्प. पुढं आला, पुन्हा बोंब. प्रज्ञानं त्याच्याकडे नीट पाहिलं. “काका, मिशांना कलप लावलाय का आत्ताच?” कलपात अमोनिया असतो. बावीस वर्षं ‘आमच्या घराण्यात केस पांढरे होत नाहीत’ असं सांगणारा योगेंद्र जिन्यानं उतरला तो आठ दिवस दिसला नाही.

यंत्र जमलं. आता ते खऱ्या जागी लावून बघायचं होतं. प्रज्ञाच्या सरांनी पाच कोल्ड स्टोरेजना पत्रं लिहिली. होकार एकाचाच आला. परदेशात केळी पाठवणारा मुंबईचा एक खरेदीदार त्यांच्या मागे लागला होता, की गॅसच्या सुरक्षेची सोय दाखवा, मगच माल घेऊ.

प्रज्ञानं ते नाव घरी भीतभीतच सांगितलं, योगराज शेठ. त्या दिवशी यादवनं पहिला घास कुणाचंही नाव न घेता खाल्ला, आणि तेव्हा मात्र लिलाबाई घाबरली.

“तुम्ही जाऊ नका,” ती म्हणाली.

“मी फक्त पेट्या उचलीन.”

“आणि?”

“आणि त्याच्या तोंडून ऐकीन. ‘यादवनं सांगितलं होतं, मीच थांबवलं नाही.’ एवढंच. पण माणसांसमोर. जसं मला माणसांसमोर बाटली हुंगायला लावलं, तसं.”

मुहूर्ताचा दिवस ठरला. बापलेक आदल्या दिवशीच फैजपूरला गेले. एक सेन्सर दाराजवळ खाली लावला, दुसरा कंप्रेसरच्या वर. कारण अमोनिया हलका, वर चढतो. दोन्हींचे आकडे, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे किती भाग, ते दाखवणारी मोठी पाटी बाहेर भिंतीवर. पंचवीसला पिवळा दिवा, पन्नासला भोंगा. तीनशेला मागे न बघता पळायचं.

शेठनी यादवला लगेच ओळखलं. नऊ वर्षांत ते जाड झाले होते. “अरे, यादव! नाक आलं का परत?”

“नाही, शेठ. मुलीनं नवीन केलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली. खरेदीदार, शेठचे भाऊबंद, गावातली चार मोठी माणसं, सगळे दारात. शेठची आई सुंदरबाई तांब्या घेऊन गोमूत्र शिंपडत आली. यंत्राच्या खोलीत चार कोपऱ्यांत एकेकदा शिंपडलं. दाराजवळ, जिथं बापलेक तारा जोडत जमिनीवर बसले होते, तिथं तिनं आंब्याचं पान तीनदा बुडवलं. यादवनं मोजलं. नऊ वर्षांच्या खात्यात तेही टाकलं.

ती आजी वळते न वळते तोच भोंगा वाजला.

माणसं दचकली. प्रज्ञा पाटीकडे धावली. खालचा आकडा साठ. शेठनी तांब्या पाहिला, पाटी पाहिली, आणि पोट धरून हसले. “गोमूत्र! बाईसाहेब, तुमचं यंत्र गोमूत्राला भ्यालं!”

आणि ते खरंही होतं. चार दिवस साठवलेल्या गोमूत्रात अमोनिया होतोच. माणसं हसायला लागली, खरेदीदारही हसला. अगदी तसंच हसणं, तेच अंगण. शेठ म्हणाले, “यादव, यंत्रही तुझ्यासारखंच निघालं रे! बंद कर ते.”

यादवच्या कानशिलांवर रक्त चढलं. पण प्रज्ञा हसत नव्हती. ती पाटीकडे बोट करत होती. “बाबा, खालचा उतरतोय. वरचा चढतोय.”

खालचा साठवरून चाळीसवर आला होता. गोमूत्र वाळत होतं. वरचा, जिथं सुंदरबाईचा हात पोचणं शक्य नव्हतं, तो तीसवरून पस्तीस, पस्तीसवरून चाळीस.

तेवढ्यात मागून कुणीतरी यादवच्या बाहीला धरलं. कौतिक. अर्धा चेहरा मास्कमध्ये. “दादा, गोमूत्र नाही. पॅकिंग गळतंय. परवा सांगितलं मी शेठला.”

“काय म्हणाले?”

“सोमवारी बघू.”

यादवनं कौतिककडे पाहिलं. वाटलं, म्हणावं, आता तुलाही आठवेनासं होईल. आता तुझ्या नाकाखाली बाटली येईल. पण तो ओरडला वेगळंच. “बठ्ठा बाहेर! सगळे अंगणाच्या त्या टोकाला! पळा!”

माणसं पळाली. यंत्र बंद करायला खोलीत शिरलेले शेठही निघाले, पण यादव दारात आडवा उभा राहिला. गॅस तोडायचा मोठा कॉक बाहेरच्या भिंतीवर. कौतिक तिकडे धावला, हात चाकावर ठेवला.

“कौतिक, थांब,” यादव म्हणाला.

कौतिक थांबला. नऊ वर्षांपूर्वी ज्या हातानं कॉलर धरली होती, तो हात वर होता.

नाक गेल्यावर आता त्यालाही बत्ती लागायची. यादवनं खिशातून ती गंधकाची बत्ती काढली, पेटवली आणि शेठच्या हातात दिली. “गोमूत्र आहे ना, शेठ? मग तुम्हीच दाखवा. व्हॉल्व्हजवळ धरा.”

“वेडा झालास का? सर बाजूला!”

“धरा.”

अंगणाच्या टोकावरून खरेदीदार बघत होता. शेठनी हात लांब केला. व्हॉल्व्हच्या दांड्यापाशी पांढराशुभ्र धूर उठला, बैलाच्या थंडीतल्या श्वासासारखा.

“कौतिकनं कधी सांगितलं होतं?”

“बंद कर आधी!” शेठच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“आकडा सत्तर झालाय. कधी?”

“परवा! परवा सांगितलं!”

“आणि मी? त्या वेळी मी कधी सांगितलं होतं?”

शेठ खोकले. यादवही खोकला, छाती जुनी होती. पण तो हसतही होता. इतकं बरं त्याला नऊ वर्षांत वाटलं नव्हतं. शेठचं तोंड लाल झालेलं, नाक गळतंय, आणि तो प्रत्येक बारकावा यादव सावकाश, भरताच्या पहिल्या घासासारखा चाखत होता. प्रज्ञा काहीतरी ओरडत होती. त्याला ऐकू येत नव्हतं.

“शंभर, शेठ.”

“शुक्रवारी!” योगराज शेठ किंचाळले. “शुक्रवारी सांगितलं तू! मी थांबवलं नाही! माझी चूक! बंद करा रे!”

“मोठ्यानं.”

“यादवनं सांगितलं होतं!”

यादवनं हात खाली केला. कौतिकनं कॉक फिरवला.

शेठ नळाखाली डोकं धरून बसले होते, तेव्हा यादव त्यांच्यासमोर मांडी घालून बसला आणि पोटभर बघितलं.

चार दिवसांनी जळगावला प्रयोगशाळेत प्रज्ञानं त्याला बोलावून घेतलं. संगणकावर एक रेघ होती, डोंगरासारखी. सेन्सर दर सेकंदाला आकडा लिहून ठेवतो. हे यादवला माहीत होतं, पण आठवलं नव्हतं.

“इथं भोंगा वाजला,” ती म्हणाली. “इथं तुम्ही लोकांना बाहेर काढलं. इथं कौतिककाकांचा हात कॉकवर होता. आणि इथं कॉक बंद झाला. मधे चार मिनिटं, बाबा. पन्नासचे एकशे अठरा झाले.”

यादवनं त्या चार मिनिटांवरून बोट फिरवलं.

“शेठचा सरांना फोन आला होता. म्हणतात, झालं गेलं सोडा, ती सकाळ यंत्रातून पुसून टाका, आम्हीही कुणाचं नाव घेणार नाही. खरेदीदार मात्र सगळी नोंद मागतोय. दिली तर शेठचा माल अडेल, त्यांच्यावर चौकशी बसेल. आणि या चार मिनिटांचा जबाब मला लिहावा लागेल. तुमची नोकरी जाऊ शकते. माझं कामही थांबेल.”

“पुसली तर तो सुटला,” यादव म्हणाला. “उद्या म्हणेल, मी बोललोच नाही.”

“हो.”

“मग एक सेकंदही पुसू नको.”

प्रज्ञा त्याच्याकडे वळली, तेव्हा त्याला तिचे डोळे दिसले. पांढऱ्या भागात लाल शिरा अजून तशाच होत्या. “मी दारात होते, बाबा,” ती म्हणाली. “तुमच्या मागे, दोन हातांवर. तुमचा शर्ट ओढत होते. तुम्हाला फक्त तो दिसत होता.”

यादवनं खुर्ची पुढं ओढली.

“लिही. यादव बैसाणे यानं कॉक बंद करू दिला नाही. शेठला बोलतं करायचं होतं म्हणून. कौतिकचा काही दोष नाही, त्याला मी थांबवलं.”

ती लिहीत गेली. “पुढं? चूक मान्य आहे, असं लिहू?”

“चूक लिही.”

“आणि पस्तावा?”

यादवनं खरोखर विचार केला. शेठचं ते लाल तोंड पुन्हा एकदा डोळ्यांपुढं आणलं, आणि ते पुन्हा तितकंच गोड लागलं.

“शेठपुरता लिहू नको. तो झालेला नाही,” तो म्हणाला. “तुझ्या डोळ्यांपुरता लिही. तो वेगळ्या ओळीत.”

प्रज्ञानं नवी ओळ सुरू केली.